पॅसाडीनातलं बोवेन कोर्ट कसं बघावं

भारतातून कोणी कॅलिफोर्नियात माझ्याकडे आलं की मी त्यांना गॅम्बल हाउस हे पॅसाडीनातलं जुनं नावाजलेलं लाकडी घर दाखवते आणि मग इथे, बोवेन कोर्ट या जुन्या बंगल्यांच्या वसाहतीत, नेते. तिकीट नाही, गाइड नाही, कारण घरांत माणसं राहतात. म्हणून पहिला नियम: फुटपाथवरूनच बघायचं आणि खिडक्यांचे फोटो काढायचे नाहीत.

आधी थोडा इतिहास. 1909 मध्ये सिल्व्हेनस मार्स्टन या वास्तुविशारदानं याच गावात सेंट फ्रान्सिस कोर्ट बांधलं. बंगला कोर्टची, म्हणजे एका सामायिक मोकळ्या जागेभोवती छोटे बंगले बांधण्याच्या पद्धतीची, सुरुवात तिथून मानतात. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या थंडीला कंटाळून हिवाळ्यात येणाऱ्यांची सोय, हा हिशेब. बोवेन कोर्ट त्यानंतर लगेचच, आर्थर आणि आल्फ्रेड या वास्तुविशारद हाइनमन बंधूंचं. त्यातल्या आर्थरनंच पुढे 1925 मध्ये कॅलिफोर्नियातल्याच सॅन लुइस ओबिस्पोला जगातलं पहिलं मोटेल काढलं, आणि ते पटतंच. प्रत्येकाला आपलं दार, मधली जागा सगळ्यांची!

व्हिला स्ट्रीटवर उभं राहा आणि आधी घरं नाही, मधली वाट बघा. आपल्या वाड्याचा चौक चारी बाजूंनी बंद असतो. इथे तो रस्त्याकडे उघडा आहे. बुटके एकमजली बंगले त्या वाटेकडे तोंड करून आहेत आणि वाट पुढे काटकोनात वळते.

मग छपराकडे नजर न्या. उतार अगदी कमी, वळचण भरपूर पुढे आलेली, आणि तिच्याखाली वाशांची टोकं उघडी. आपल्याकडे सुतार ती फळीनं झाकून टाकतो. इथे तीच शोभा. लाकूडकाम न लपवता दाखवणारी क्राफ्ट्समन शैली ती हीच.

सकाळी जा. दुपारी झाडांच्या सावलीत वळचणीखालचं काही दिसत नाही.