दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय कसे पाहावे : खानदेशातून जाणाऱ्यांसाठी

भुसावळ-जळगावच्या माणसाला दिल्लीची गाडी शोधत बसावे लागत नाही. पंजाब मेल, झेलम, कर्नाटक, गोवा एक्सप्रेस अशा गाड्या आपल्या दारावरूनच जातात, आणि लग्नकार्य, परीक्षा, मुलाखत किंवा उत्तरेकडची यात्रा अशा कोणत्याही निमित्ताने गेलेल्या माणसाच्या हाती दिल्लीत एखादा मोकळा दिवस उरतोच. तो दिवस बहुधा लाल किल्ला आणि कुतुबमिनार यांच्या वाट्याला जातो. जनपथावरचे राष्ट्रीय संग्रहालय यादीत असलेच, तर शेवटच्या तासाभरापुरते. दोन लाखांहून अधिक वस्तूंचा संग्रह असलेल्या या वास्तूला तासाभरात उरकणे म्हणजे तिकिटाचे पैसे वाया घालवणे होय. मात्र सगळे पाहूनच बाहेर पडेन, असा हट्टही कामाचा नाही, कारण तो धरणारे लोक वरच्या मजल्यावर पोहोचेपर्यंत बाकडे शोधू लागलेले असतात. आपल्या मुलखाचा धागा हाती धरून चार-पाच दालने नीट पाहावीत आणि उरलेल्यांतून फक्त फेरी मारावी, हा मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

आधी व्यवहाराचे पाहू. संग्रहालय सोमवारी बंद असते, म्हणून परतीचे आरक्षण करताना वार तपासून घ्यावा. नवी दिल्ली स्थानकावर उतरल्यास मेट्रोच्या पिवळ्या मार्गाने केंद्रीय सचिवालय स्थानक गाठता येते आणि तेथून पायी जाता येते. मोठी बॅग बरोबर बाळगू नये. हे संग्रहालय नॉर्थ ब्लॉक आणि साउथ ब्लॉक या इमारतींत ‘युगे युगीन भारत’ या नावाने नेण्याची योजना सरकारने जाहीर केलेली आहे, त्यामुळे निघण्यापूर्वी कोणती दालने खुली आहेत याची चौकशी अधिकृत संकेतस्थळावर अवश्य करावी. एरवीही एखादे दालन दुरुस्तीसाठी बंद असणे ही तेथे नवलाची गोष्ट नाही.

या संग्रहालयाचा जन्म एका प्रदर्शनातून झाला. 1947-48 च्या हिवाळ्यात लंडनमध्ये भारतीय कलेचे मोठे प्रदर्शन भरले होते आणि त्यासाठी देशभरातून वस्तू गोळा करण्यात आल्या होत्या. त्या परत आल्यावर राष्ट्रपती भवनाच्या दालनांत मांडल्या गेल्या आणि 15 ऑगस्ट 1949 रोजी तेथेच राष्ट्रीय संग्रहालयाचे उद्‌घाटन झाले. सध्याच्या इमारतीची कोनशिला 1955 मध्ये पंडित नेहरूंनी बसवली व 1960 च्या डिसेंबरात ती लोकांसाठी खुली झाली. मधल्या चौकाभोवती दालने गोलाकार फिरवलेली असल्याने वाट चुकण्याची भीती नसते. फार तर माणूस पुन्हा त्याच जागी येतो.

जाण्यापूर्वी घरी तासभर तयारी करावी. चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे पुरातत्त्वज्ञ डॉ. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे कोरीव तुकडे आणि मणी सापडले, आणि त्यांचा काळ सुमारे 25,000 वर्षांपूर्वीचा मानला जातो. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशे येथे 1955 मध्ये बी. के. थापर यांनी उत्खनन केले व तेथे ताम्रपाषाण काळापासूनच्या, म्हणजे तांबे आणि दगड या दोन्हींची हत्यारे वापरली जात त्या काळापासूनच्या, वस्तीचे थर उघड केले. तापीकाठच्याच सावळदा या गावाच्या नावाने एक ताम्रपाषाण संस्कृती ओळखली जाते. एवढे वाचून गेलेल्या माणसाला दिल्लीतली खापरे निव्वळ खापरे वाटत नाहीत. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाचे संग्रहालय आधी पाहून घेतल्यास अधिक उत्तम, कारण ताम्रपट, नाणी आणि जुन्या मूर्ती पाहण्याची सवय घराजवळच लागते.

सुरुवात हडप्पा दालनापासून करावी, तीही सकाळी दार उघडताच, कारण नंतर शाळांच्या सहली येतात. येथे पहिला धक्का आकाराचा बसतो. पाठ्यपुस्तकात पानभर छापलेली मोहेंजोदडोची नर्तिका प्रत्यक्षात जेमतेम साडेदहा सेंटिमीटर उंचीची आहे. तिच्यासमोर थांबून डाव्या हातातील बांगड्यांची चळत पाहावी, कमरेवर टेकवलेला उजवा हात पाहावा आणि मग ती घडवली कशी याचा विचार करावा. आधी मेणाची आकृती, तिच्यावर मातीचा लेप, तापवून मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतायचा. साचा फोडल्याशिवाय मूर्ती बाहेर येत नाही, म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती निघते. पुढे कांस्यमूर्तींच्या दालनात चोळकालीन नटराजापुढे उभे राहिल्यावर हीच रीत आठवावी, म्हणजे साडेतीन हजार वर्षांचे अंतर ओतारी कसबाच्या एकाच वाटेने पार होते. हडप्पा दालनातील मुद्रांकडे, म्हणजे शिक्क्यांकडे, पाहताना लक्षात ठेवावे की त्या ठसा उमटवण्यासाठी कोरलेल्या आहेत. मुद्रेवरची अक्षरे उलटी असतात आणि ठशावर ती सुलटी येतात, म्हणून शेजारी ठसा ठेवलेला असेल तर दोन्ही जुळवून पाहावेत.

यानंतर मौर्य, शुंग आणि सातवाहन काळाच्या शिल्पांकडे वळावे आणि तेथे पितळखोऱ्याचा यक्ष शोधून काढावा. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून पितळखोऱ्याची लेणी पाहिलेल्या प्रत्येकाने या मूर्तीसाठी तरी दिल्लीच्या संग्रहालयात पाऊल टाकावे, असे माझे स्पष्ट मत आहे. बुटका, पोट सुटलेला, गळ्यात दागिने घातलेला हा यक्ष डोक्यावर पात्र तोलून मनापासून हसतो आहे. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातील या मूर्तीच्या हातावर ब्राह्मी लिपीत लेख कोरलेला आहे आणि कान्हदास नावाच्या सोनाराने ती घडवली, असे तो सांगतो. शिल्पकाराचे नाव मिळणे हेच मुळात दुर्मीळ, आणि येथे तर दगडाला हात घालणारा माणूस सोनार आहे. हे कळल्यावर गळ्यातले अलंकार पुन्हा जवळून पाहावेत, ते इतके बारकाईने का उतरले असावेत याचा उलगडा होऊ लागतो.

पुढच्या शिल्पदालनांत मूर्तीचे नाव वाचण्याआधी दगड पाहण्याची सवय लावून घ्यावी. करडा शिस्ट दगड, नागमोडी केस आणि जाड वस्त्राच्या चुण्या दिसल्या की ती बहुधा गांधार शैली असते. तांबूस, ठिपकेदार वालुकाश्म दिसला की मथुरा समजावी. काही वेळाने फलक न वाचताच प्रांत ओळखता येऊ लागतो, आणि मुलांबरोबर हा पैजेचा खेळ उत्तम जमतो. बौद्ध दालनात उत्तर प्रदेशातील पिप्राहवा येथील उत्खननात मिळालेले, बुद्धाचे मानले जाणारे अस्थिअवशेष थायलंडने भेट दिलेल्या सोनेरी मंडपात ठेवलेले आहेत. तेथे भाविक हात जोडून उभे असतात, म्हणून आवाज आणि कॅमेरा दोन्ही आवरावेत.

अजिंठा आपल्या उंबरठ्यावर असल्याने मध्य आशियाचे दालन मुळीच टाळू नये. पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाइन यांनी 1900 ते 1916 या काळातील मोहिमांत रेशीममार्गावरील वाळवंटातल्या ओसाड वस्त्यांतून आणलेली भित्तिचित्रे आणि रेशमी पताका येथे आहेत. अजिंठ्यातील चेहरे डोळ्यांपुढे ठेवून या चित्रांतील डोळ्यांची ठेवण, बोटांच्या मुद्रा आणि वस्त्रांच्या रेषा पाहाव्यात. काय वाळवंटापर्यंत पोहोचले आणि काय वाटेत बदलले, हे आपले आपल्यालाच दिसते. हे दालन सहसा रिकामे असते, हा आणखी एक फायदा.

नाण्यांच्या दालनात मात्र सगळी नाणी पाहू लागल्यास डोळे थकतात. आहत नाणी (चिन्हांचे ठसे मारलेली प्राचीन नाणी), गुप्तांची सुवर्णनाणी आणि मोगलांचे रुपये एवढीच निवड करावी, आणि मोगल नाण्यांच्या फलकांवर टांकसाळ म्हणून बुऱ्हाणपूरचे नाव दिसते का ते शोधावे. फारुकी सुलतानांची ही राजधानी अकबराच्या ताब्यात गेल्यावर मोगलांची दख्खनमधील मोठी छावणी आणि टांकसाळ बनली होती. लघुचित्रे, शस्त्रे, वाद्ये, वस्त्रे आणि लाकडी कोरीवकाम यांतून आपल्या आवडीचे एक दालन निवडावे. लघुचित्रांना प्रकाश मंद ठेवलेला असतो, तेव्हा आत गेल्यावर डोळे स्थिरावू द्यावेत आणि चित्राच्या कडेपासून मध्याकडे यावे. दाराआडची दासी किंवा झाडावरचे माकड अशा वेळी सापडते.

दोन-अडीच तासांनी बाहेर येऊन चहा घ्यावा आणि त्यानंतरच उरलेली दालने पाहावीत. आवडलेल्या वस्तूबरोबर तिच्या माहितीफलकाचेही छायाचित्र काढून ठेवावे, कारण गाडी खांडव्याच्या पुढे येईपर्यंत कोणती मूर्ती कोठली होती याचा गोंधळ झालेला असतो. फ्लॅश मात्र कोठेही वापरू नये.