सीईओ शोधायच्या आधी एक पान लिहा

बोर्डाला नवीन सीईओ किंवा बिझनेस हेड हवा असला की पहिल्या मीटिंगमध्ये कोणी म्हणतं डायनॅमिक पाहिजे, कोणी म्हणतं व्हिजन असलेला पाहिजे, सगळे माना डोलावतात आणि सर्च फर्मला, म्हणजे मोठ्या पदांसाठी माणसं शोधून देणाऱ्या कंपनीला, मेल जातो. घोडं इथेच पेंड खातं. हे शब्द कुणालाही चिकटतात, त्यामुळे जो चांगला बोलतो तोच डायनॅमिक वाटायला लागतो.

म्हणून आधी एक पान घ्या आणि या माणसाने पुढच्या १८ महिन्यांत कोणती तीन-चार कामं करून दाखवायची ते लिहा. गुण नाही लिहायचे, कामं लिहायची. म्हणजे दोन टीम एकत्र करायच्यात, अर्धे लोक घरून काम करतात त्यांचं आणि ऑफिसला येणाऱ्यांचं गणित बसवायचंय, तोट्यातलं एक प्रॉडक्ट बंद करायचंय, असं. आणि हे पान बोर्डातल्या प्रत्येकाने एकमेकांना न विचारता लिहायचं. मी एकदा अशा निवड समितीत होतो, तिथे शेवटच्या राउंडच्या आदल्या दिवशी आम्ही पाच जणांनी आपापली पानं टेबलावर ठेवली तेव्हा कळलं की एकाला कंपनी वाढवायची होती आणि शेजारच्याला ती विकायच्या तयारीला लावायची होती, आणि दोन महिने आम्ही एकाच टेबलावर बसून त्याच उमेदवारांना भेटत होतो! हे पहिल्या दिवशी केलं असतं तर सगळ्यांचाच वेळ वाचला असता.

या पानावरून ठरतं की कुणाचा कोणता अनुभव तुमच्या कामाचा. अ‍ॅपलची दुकानं उभी करणारे रॉन जॉन्सन नोव्हेंबर २०११ मध्ये जेसीपेनी या अमेरिकन दुकानांच्या साखळीचे सीईओ झाले. त्यांनी कूपन आणि सततचे सेल काढून टाकले, तेही आधी थोड्या दुकानांत करून न बघता. पुढच्या एका वर्षात विक्री साधारण २५ टक्क्यांनी घसरली आणि एप्रिल २०१३ मध्ये त्यांना जावं लागलं. माणूस हुशारच होता हो, पण जेसीपेनीचं गिऱ्हाईक सेल बघून यायचं आणि अ‍ॅपलचं गिऱ्हाईक कधीच त्यासाठी येत नव्हतं, त्यामुळे तिकडचं यश इकडे जसंच्या तसं लागू पडणार नव्हतं.

आतल्या माणसांनाही यादीत घ्या. सत्या नाडेला १९९२ पासून मायक्रोसॉफ्टमध्ये होते आणि २०१४ मध्ये सीईओ झाले. फक्त आतल्याची मुलाखतही बाहेरच्याइतकीच कडक घ्या, आपलाच आहे म्हणून सूट नको.

आता मुलाखत. इथे जरा थांबून सांगतो कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आणि प्रत्येकाने आपले मार्क चर्चेच्या आधी लिहून ठेवायचे, नाहीतर चेअरमन आधी बोलले की बाकीच्यांचं मत आपोआप तिकडे झुकतं. प्रश्न घडलेल्या गोष्टींवर विचारा. "हायब्रिडबद्दल, म्हणजे थोडं घरून थोडं ऑफिसातून काम करण्याबद्दल, तुमचं मत काय" विचारलं की छान भाषण मिळतं, त्याऐवजी विचारा की लोकांना ऑफिसला परत बोलवायचा किंवा न बोलवायचा निर्णय घेतला तेव्हा विरोध कोणी केला, त्यांचं म्हणणं काय होतं, आणि त्यातलं तुम्ही काय मान्य केलं. उत्तरात "आम्ही केलं, आम्ही केलं" चालू झालं तर शांतपणे विचारा, त्यातलं तुम्ही स्वतः काय केलं? ज्याने खरंच केलंय तो लगेच बारीकसारीक सांगायला लागतो, कुठली मीटिंग, कोण उठून गेलं, नंतर काय चुकलं, सगळं.

रेफरन्स घेताना उमेदवाराच्या बॉसपेक्षा त्याच्या हाताखाली काम केलेल्यांशी बोला, अर्थात उमेदवाराला सांगून आणि त्याची सध्याची नोकरी धोक्यात न आणता. एकच प्रश्न पुरतो, "परत त्यांच्या हाताखाली काम कराल का?" मी हा प्रश्न फोनवर विचारला तेव्हा समोरची बाई पाच-सहा सेकंद गप्प राहिली आणि मग म्हणाली, "कामाचे आहेत ते." मला त्यातूनच कळलं आणि मी ते समितीला तसंच्या तसं सांगितलं.

डिग्री आणि तारखा तपासायला लाजू नका. याहूचे सीईओ स्कॉट थॉम्पसन यांच्या अधिकृत माहितीत अकाउंटिंगसोबत कॉम्प्युटर सायन्सची डिग्री लिहिलेली होती, प्रत्यक्षात ती नव्हती, आणि जानेवारी २०१२ मध्ये आलेला माणूस मे मध्ये बाहेर पडला.

निवड झाली की जुन्या सीईओचं काय करायचं ते त्याच दिवशी लिहून ठरवा, म्हणजे कोणते निर्णय त्यांच्याकडे जाणार नाहीत आणि ते कोणत्या तारखेला पूर्ण बाजूला होणार. डिस्नेमध्ये फेब्रुवारी २०२० मध्ये बॉब चॅपेक सीईओ झाले पण बॉब आयगर २०२१ च्या शेवटापर्यंत एक्झिक्युटिव्ह चेअरमन, म्हणजे रोजच्या कारभारातही लक्ष घालणारे अध्यक्ष, होतेच, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅपेकना काढून आयगरच परत आले. दोन बॉस दिसले की खालचे लोक सोयीचा दरवाजा ठोठावतात. आणि ते सुरुवातीला लिहिलेलं पान नव्या माणसाच्या हातात ऑफर लेटरच्या आधी द्या, म्हणजे त्याला हे काम जमणार नसेल तर तो तेव्हाच नाही म्हणू शकेल.