लसीनंतर ज्येष्ठांच्या पायातलं बळ जायला लागलं तर

दंड दुखणं, कणकण, अंग मोडून येणं दोन-तीन दिवसांत ओसरतं. पण लसीनंतरच्या सहा आठवड्यांत दोन्ही पावलांना मुंग्या आल्या, जिना चढताना पाय उचलेनात आणि कमजोरी दिवसागणिक वर सरकू लागली, तर गुलेन-बॅरे सिंड्रोमची (जीबीएस) शंका घ्या. यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते.

लसीनंतर असं होणं फार दुर्मीळ. 1976च्या स्वाइन फ्लू लसीनंतर साधारण लाखात एक जादा रुग्ण आढळला होता. जानेवारी 2025मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्था) ज्येष्ठांच्या दोन आरएसव्ही (श्वसनमार्गाला होणारा एक विषाणू संसर्ग) लसींवर जीबीएसचा इशारा घातला.

उशीर होतो तो ‘वय झालं’ किंवा ‘साखरेमुळे मुंग्या येतात’ म्हटल्याने. मधुमेहातल्या मुंग्या महिनोन्‌महिने हळूहळू वाढतात; या काही दिवसांत. अचानक एकच बाजू लुळी पडली तर तो पक्षाघात समजून तडक निघा. लघवी अडली, कमरेखाली बधिरपणा आला तर मणक्यातल्या मज्जारज्जूला सूज असू शकते किंवा त्यावर दाब आलेला असू शकतो. तातडीने एमआरआय लागतो.

हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठता येतं का, टाचांवर उभं राहता येतं का, ते पाहा; सोबत कुणीतरी धरायला हवं. मग खोल श्वास घेऊन एका दमात, सेकंदाला दोन या वेगाने आकडे मोजायला सांगा. विसाच्या आत दम संपला, पाणी पिताना ठसका लागला किंवा आवाज बसका झाला तर तोंडाने काही देऊ नका, रुग्णवाहिका बोलवा. पण आकडे नीट मोजले म्हणून घरी थांबू नका. कमजोरी वाढतेय एवढं कारण त्याच दिवशी आयसीयू असलेल्या रुग्णालयात जायला पुरेसं आहे.

सोबत लसीचं नाव, तारीख, बॅच नंबर न्या. मागच्या सहा आठवड्यांतले जुलाब किंवा सर्दी-ताप आवर्जून सांगा. जीबीएसचं ते लसीपेक्षा खूप नेहमीचं कारण आहे. डॉक्टर हातोडीने गुडघ्याचे झटके तपासतील, पाठीच्या कण्यातलं पाणी सुईने तपासणीसाठी काढतील. त्यात प्रथिनं वाढलेली आणि पेशी कमी दिसतात. मात्र पहिल्या आठवड्यात रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो, तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका.

उपचार म्हणजे आयव्हीआयजी (शिरेतून दिली जाणारी, दात्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं) किंवा प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) बदलणं, यातलं एक. आयव्हीआयजी पाच दिवस, रोज किलोला 0.4 ग्रॅम, 60 किलोच्या माणसाला रोज 24 ग्रॅम. दोन आठवड्यांच्या आत सुरू झालेलं बरं. वयस्कांत आधी मूत्रपिंड आणि हृदय तपासून घ्यावं लागतं. स्टेरॉइडने यात फायदा होत नाही.

निदान पक्कं झालं की डॉक्टरांमार्फत लसीच्या दुष्परिणामाची नोंद करा, आणि तीच लस पुन्हा घेण्याआधी न्यूरॉलॉजिस्टला विचारा.