वडिलांचा स्मृतिलेख कसा लिहावा

वडील गेले त्या संध्याकाळी पाळकसाहेबांनी दफनविधीच्या वेळी वाचण्यासाठी पानभर जीवनवृत्तांत मागितला, आणि मी घाईघाईने जो लिहून दिला तो आमच्या मंडळीतील, म्हणजे चर्चच्या समुदायातील, निम्म्या घरांत चालला असता. प्रेमळ पिता, कर्तव्यदक्ष अभियंता, निष्ठावंत ख्रिस्ती. यातले काहीही खोटे नव्हते, पण ऐकताना आईच्या चेहऱ्यावर ओळखीची रेषाही उमटली नाही. पहिल्या स्मृतिदिनाच्या उपासनेसाठी मी तो पुन्हा लिहिला. त्या दुसऱ्या खेपेला जी पद्धत हाती लागली ती येथे देत आहे. बडोद्यातील मराठी ख्रिस्ती कुटुंबांना ती विशेष उपयोगी पडावी, कारण उदाहरणे इथलीच आहेत.

वर्तमानपत्रातील निधनवार्ता, दफनविधीतील वाचन आणि स्मृतिदिनाचा लेख यांची गल्लत प्रथम टाळावी. निधनवार्तेत नाव, वय, आप्त आणि विधीची वेळ एवढे पुरे. दफनविधीतील वाचन पाच मिनिटांत, म्हणजे साधारण पाचशे शब्दांत संपले पाहिजे, कारण लोक उन्हात उभे असतात आणि वाचणाऱ्याचा आवाजही फार वेळ टिकत नाही. सविस्तर लेख सावकाश, काही महिन्यांनी लिहावा.

लिहिण्यापूर्वी कागद गोळा करावेत. बाप्तिस्म्याची आणि विवाहाची नोंद मंडळीच्या नोंदवहीत असते व पाळकांना विनंती केल्यास उतारा मिळतो. त्याच्या जोडीला शाळा सोडल्याचा दाखला, पदवी, नेमणुकीचे पत्र आणि निवृत्तीच्या वेळचे कागद ठेवले की सनावळीचा सांगाडा उभा राहतो. बडोद्यात एक घोटाळा हमखास होतो, तो आधीच सांगून ठेवतो. माझे वडील १९४२ साली बडोदा संस्थानात जन्मले. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, त्यामुळे शाळेच्या कागदांवर मुंबई राज्य आले. १ मे १९६० नंतर पदवीच्या वेळी गुजरात आले, आणि १९७४ नंतरच्या सरकारी कागदांवर शहराचे नावही बडोद्याऐवजी वडोदरा झाले. ते स्वतः मात्र या सर्व काळात त्याच शहरात राहत होते. नातवंडांनी हे कागद वाचून आजोबा चार ठिकाणी फिरले असा समज करून घेऊ नये, म्हणून लेखात एका वाक्यात खुलासा करावा. कलाभवनाच्या बाबतीतही तसेच आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात १८९० मध्ये सुरू झालेली ती संस्था पुढे १९४९ मध्ये स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी शाखा झाली, पण जुनी माणसे आजही ‘कलाभवनात शिकलो’ असेच म्हणतात. पदवीवर असेल ते नाव लिहावे आणि बोलण्यातले नाव संभाषणात येऊ द्यावे.

ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्यात विश्वामित्री नदीला आलेल्या पुरात ज्यांचे फोटो भिजले त्यांच्यासाठी एवढेच, की एकमेकांना चिकटलेले फोटो कोरडे असताना ओढून सोडवू नयेत. स्वच्छ थंड पाण्यात भिजवून ते हळूहळू सुटे करावेत आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलीत टिपकागदावर वाळवावेत.

यानंतर माणसांना भेटावे. ‘ते कसे होते?’ असा प्रश्न विचारू नये, कारण त्याचे उत्तर ‘फार चांगले’ याखेरीज मिळत नाही. ‘सकाळी उठल्यावर पहिले काय करीत?’, ‘कशावर चिडत?’, ‘शेवटचे भांडण कशावरून झाले?’ असे विचारावे. आईला मी विचारले की घरातली बिघडलेली वस्तू ते कशी दुरुस्त करीत, तेव्हा ती म्हणाली, “आधी कान लावीत.” लांब पेचकसाचे टोक मिक्सरच्या अंगाला आणि मूठ कानाला, हे दृश्य मीही शंभर वेळा पाहिले होते आणि पहिल्या लेखात विसरलो होतो. त्यांच्या जुन्या सहकाऱ्याने गुजरातीत तीच गोष्ट पंपाच्या बेअरिंगविषयी, म्हणजे फिरत्या दांड्याला आधार देणाऱ्या भागाविषयी, सांगितली. सहकाऱ्याचे गुजराती वाक्य मराठीत न बदलता देवनागरीत जसेच्या तसे ठेवले, कारण वडिलांचे अर्धे आयुष्य त्या भाषेतच गेले होते.

अभियंत्याच्या लेखात सर्वांत दुर्लक्षित राहते ते त्याचे काम. ‘कोयलीच्या रिफायनरीत वरिष्ठ पदावर होते’ या वाक्यातून काहीच कळत नाही. मुळात काम काय होते ते आठवीतल्या मुलाला कळेल असे लिहावे. सोव्हिएत सहकार्याने बडोद्याजवळ उभारलेली ही तेलशुद्धीकरणाची रिफायनरी १९६५ मध्ये सुरू झाली. तेथे कच्चे तेल भट्टीत सुमारे साडेतीनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवून उंच मनोऱ्यात सोडतात, आणि त्यातील हलके घटक वर व जड घटक खाली असे वेगळे होतात. हे चक्र रात्रंदिवस चालते. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या पंपाशेजारी दुसरा राखीव पंप असतो, आणि चालू पंप कधी थांबवायचा हे देखभाल अभियंत्याला तो बिघडण्याआधी ओळखावे लागते. एवढे सांगितले की पेचकसाला कान लावणारा माणूस घरातला आणि कारखान्यातला एकच आहे हे वाचकाला आपोआप कळते. पदांची आणि बढत्यांची यादी द्यायचीच असेल तर एका वाक्यात संपवावी.

श्रद्धेविषयी लिहिणे अधिक अवघड आहे. कुटुंब, नोकरी आणि श्रद्धा असे तीन स्वतंत्र परिच्छेद पाडण्याचा मोह होतो व पाळकांनाही ते सोयीचे वाटते, पण माझ्या मते लेख तिथेच निर्जीव होतो. या तिन्ही गोष्टी एकाच पानावर कुठे सापडतात ते शोधावे. आम्हाला त्या दोन ठिकाणी सापडल्या. घरखर्चाच्या वहीत दर महिन्याची पहिली ओळ दशमांशाची, म्हणजे चर्चला द्यायच्या उत्पन्नाच्या दहाव्या भागाची, होती, दुसरी आमच्या शाळेच्या फीची, आणि दूधवाला त्यानंतर येई. दुसरे ठिकाण खिशातल्या डायऱ्या. शटडाऊनच्या, म्हणजे देखभालीसाठी कारखाना बंद ठेवण्याच्या, काळात त्यांना रविवारी उपासनेला येता येत नसे. मग त्या दिवशीचे शास्त्रपठण कोणते होते ते आई रात्री सांगे आणि ते डायरीत टिपून ठेवीत. एका पानावर ‘स्तोत्रसंहिता १२१’ आणि त्याखाली ‘पंप १०२-ब, बेअरिंग बदलले’ असे लागोपाठ आहे. बायबलमधील ते स्तोत्र न झोपणाऱ्या राखणदाराचे आहे. लेखात मी यावर अवाक्षर लिहिले नाही, फक्त पान उतरवले. वाचणाऱ्याचे बायबलवाचन आपण करून देऊ नये.

दोषही लिहावेत, पण निवडून. वडील वेळेच्या बाबतीत इतके कडक होते की बहिणीच्या लग्नात उपासना सात मिनिटे उशिरा सुरू झाली म्हणून जेवताना ते कोणाशी बोलले नाहीत. हे मी लिहिले, आणि सर्वांत जास्त हशा व सर्वांत जास्त हुंदके याच ओळीला आले. मंडळीतील जुने वाद, आजारपणाचा शेवटचा आठवडा आणि कारखान्यातील अपघात मात्र गाळले. पहिल्या दोन्हींत ज्यांना उत्तर देता येणार नाही अशी माणसे गुंतलेली असतात, आणि तिसऱ्याची पूर्ण माहिती घरच्यांना कधीच नसते.

मसुदा झाला की विशेषणांखाली पेन्सिलीने रेघ ओढावी आणि प्रत्येकाच्या जागी एखादी घटना बसते का ते पाहावे. माझी चौदा विशेषणे होती, तीन उरली. मग मजकूर आईला मोठ्याने वाचून दाखवावा. तिने ‘हे असे नव्हते’ म्हटले तर वाद न घालता बदलावे. शास्त्रवचनांचे अध्याय व ओवी स्वतः पुस्तक उघडून पडताळावेत, विशेषतः कबरीच्या दगडावर जाणारे वचन, कारण दगडावरची चूक खोडता येत नाही. कारागिराला मजकूर तोंडी न सांगता छापील कागदावर द्यावा, जन्म व मृत्यूच्या तारखा अंकांत लिहाव्यात, आणि कोरण्यापूर्वी खडूने आखलेली अक्षरे घरातील दोन माणसांनी वेगवेगळी वाचावीत.

लेखाची एक प्रत पाळकांकडे मंडळीच्या कागदपत्रांत द्यावी आणि प्रत्येक फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने माणसांची नावे व साल लिहावे. आमच्या फोटोंपैकी एकात वडील रिफायनरीच्या फाटकाशी पाच जणांबरोबर उभे आहेत. त्यातील दोघांची नावे आई सांगू शकली, एकाचे सहकाऱ्याने सांगितले, उरलेल्या दोघांची चौकशी अजून चालू आहे.