पाइपाची वाटी जळते कशी? या चुका टाळा

तंबाखू ओढायच्या नव्या पाइपाची वाटी, म्हणजे तंबाखू भरायचा भाग, आतून मऊ, कोळशासारखी होऊ लागली की पहिला दोष लाकडाला दिला जातो. कधीकधी तो खराही असतो. ब्रायरच्या, म्हणजे पाइपासाठी वापरतात त्या झुडपाच्या मुळाशी वाढणाऱ्या लाकडाच्या, गाठीत आत बारीक पोकळी राहिलेली असेल तर त्या जागची भिंत कमकुवत असते. पण चांगलं लाकूडही जळतं, आणि ते निखारा एकाच बाजूला साचल्यामुळे. अख्खी वाटी एकसारखी गरम होण्यापेक्षा नखाएवढी जागा तापणं जास्त घातक.

सुरुवात तंबाखूच्या ओलीपासून होते. चिमटीत दाबून सोडल्यावर ती सावकाश उलगडली पाहिजे. गोळा तसाच राहिला तर ओली आहे. अशी तंबाखू सारखी विझते, मग माणूस जोरात ओढतो, पुन्हापुन्हा पेटवतो आणि वाटी तापते. चुरचुरली तर फार कोरडी, म्हणजे भराभर जळणार. भरताना तळाला सैल, मध्ये जरा घट्ट, वर अजून घट्ट. पेटवण्याआधी एक कोरडा झुरका घेऊन बघा: नळीने सरबत ओढताना लागतो तेवढाच जोर लागावा. मध्ये पोकळी राहिली तर आग तिथून बोगदा पाडत थेट तळाच्या भोकापर्यंत उतरते.

जेट लायटर पाइपासाठी नाहीच. त्याची टोकदार ज्योत काठ करपवते आणि आतली भिंत एका जागी भाजते. काडी पेटल्यावर डोक्याचा मसाला जळून जाऊ द्या, मग ज्योत पूर्ण पृष्ठभागावर गोल फिरवा. तंबाखू फुगून वर येईल, ती टॅम्परने (तंबाखू दाबायच्या दांडीने) हलकेच सपाट करा आणि पुन्हा पेटवा. पुढे दाबताना टॅम्परचं स्वतःचं वजन पुरे. एका कडेला राख खोल गेलेली दिसली तर निखारा त्या भिंतीला टेकलाय असं समजा. दुसऱ्या कडेची न जळलेली तंबाखू अलगद मध्ये सारा.

वाटी गालाला लावून बघा. गाल सहन करत नसेल तर पाईप खाली ठेवा, विझला तरी विझू दे. पुन्हा पेटवण्यात कमीपणा नाही. विझू नये म्हणून भात्यासारखं ओढणं मात्र महागात पडतं. उघड्यावरचा वारा हाच भाता न सांगता चालवतो, तेव्हा झाकण लावा किंवा आडोसा शोधा.

नवा ब्रायर पहिले काही वेळा एक तृतीयांश, मग अर्धा, मग पूर्ण भरावा, म्हणजे तळापासून काजळीचा थर बसतो. हा थर लाकडाचं चिलखत आहे, पण 1 ते 1.5 मिलिमीटरवर जाऊ देऊ नका. जाड थर तापून फुगतो आणि वाटीला तडा देऊ शकतो. जास्तीचा थर रीमरने (वाटी आतून खरवडायच्या हत्याराने) सगळीकडून एकसारखा खरवडा. चाकूचं टोक तळ उकरतं. मीरशॉमच्या (मऊ पांढऱ्या खनिजाच्या) पाइपात असा थर साठू द्यायचा नसतो. शेवटी फक्त राख उरल्यावर ओढत राहू नका, कारण तेव्हा आच थेट तळाला बसते.

संशय आला तर पाईप पूर्ण थंड करून आत टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या वरवरच्या भेगांची चिंता नको. काळ्या जागी बोथट सळईने टोचा. टणक असेल तर ठीक. भुगा सुटून खळगा पडला तर जळणं सुरू झालंय. बाहेरचं पॉलिश फुगलं किंवा काळा डाग दर खेपेला वाढत असेल तर त्याच दिवशी पाईप बाजूला ठेवा.

खळगा उथळ असेल तर सुटा भुगा काढून टणक लाकूड गाठा. चाळलेल्या सिगारच्या राखेत थेंबथेंब पाणी घालून घट्ट लगदा करा. खळगा त्याने भरा, भिंतीशी सपाट करा आणि दोन दिवस सुकू द्या. नंतरची काही भरणं सावकाश ओढा, म्हणजे लगद्यावर काजळी धरेल. पाईप साफ करण्याची तार तिथे घासू नका, लगदा सुटतो. भोक आरपार गेलं असेल तर हा लगदा टिकणार नाही; दुरुस्ती करणाऱ्याकडून ब्रायरचा तुकडा बसवून घ्यावा लागतो, आणि साध्या पाइपाला तेवढा खर्च बहुधा परवडत नाही.