उष्णकटिबंधीय जंगलात बेडकांची रात्रपाहणी कशी करावी

आज ज्ञात असलेल्या बेडकांच्या साडेसात हजारांहून अधिक प्रजातींपैकी बहुसंख्य उष्णकटिबंधात आढळतात, आणि त्यांतील कित्येक इतक्या लहान किंवा परिसराशी इतक्या एकरूप झालेल्या असतात की केवळ डोळ्यांवर विसंबून केलेली पाहणी अपुरी राहते. न्यू गिनीतील पीडोफ्राइन अमाउएन्सिस हा सरासरी 7.7 मिलिमीटर लांबीचा बेडूक संशोधकांना सापडला तो त्याच्या किड्यासारख्या आवाजाचा माग काढल्यामुळे. 2012 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. म्हणून रात्रपाहणीत आधी कानांचा, मग डोळ्यांचा आणि अगदीच अपरिहार्य असेल तेव्हा हातांचा उपयोग करावा.

आवश्यक त्या परवानग्या घेऊन पाहणीची वाट दिवसाउजेडीच ठरवावी. त्या वेळी केवळ डबकी आणि ओढे पाहून थांबू नये, कारण सर्वच बेडूक पाण्यात अंडी घालत नाहीत. मध्य व दक्षिण अमेरिकेतील काचबेडकांच्या अनेक प्रजाती वाहत्या पाण्यावर झुकलेल्या पानांवर अंडी घालतात आणि अंड्यांतून सुटलेले टॅडपोल, म्हणजे बेडकांची शेपटीवाली पिल्ले, थेट खालच्या प्रवाहात पडतात. पश्चिम घाटातील राओर्चेस्टिस या झुडपी बेडकांमध्ये टॅडपोलची अवस्था अंड्यातच पार पडते आणि इवलासा बेडूकच बाहेर येतो. मध्य अमेरिकेतील स्ट्रॉबेरी विषारी बेडकाची मादी एकेक पिल्लू पाठीवर घेऊन ब्रोमेलियाड या अननसाच्या कुळातील वनस्पतीच्या पानांच्या बेचक्यात साचलेल्या पाण्यात सोडते आणि पुन्हा पुन्हा तिथे येऊन त्याला स्वतःची अफलित अंडी खाऊ घालते. असे मातृत्व एवढ्याशा जिवात असावे, हे किती विलक्षण आहे! तेव्हा वाटेवर वाहते पाणी, साचलेले पाणी, पाचोळा, झुडपे आणि झाडांच्या ढोल्या असे जितके अधिवास येतील तितके चांगले. त्याच वाटेवर वेगवेगळ्या ऋतूंत पुन्हा जाणेही आवश्यक आहे. पश्चिम घाटातील जांभळा बेडूक जवळजवळ सारे वर्ष जमिनीखाली काढतो आणि पावसाळ्याच्या तोंडावर प्रजननापुरताच वर येतो.

सूर्यास्तानंतर साधारण अर्ध्या तासाने पहिल्या थांब्यावर पोहोचून टॉर्च मालवावा आणि दोन मिनिटे अजिबात हालचाल करू नये, कारण पावलांच्या चाहुलीने जवळचे नर गप्प होतात. त्यानंतर पाच मिनिटे ऐकून प्रत्येक प्रकारच्या आवाजाला अंक द्यावा: आवाज सुटे आणि मोजता येण्याजोगे असतील तर 1, एकमेकांत मिसळू लागले असले तरी वेगळे ओळखू येत असतील तर 2, आणि अखंड कोलाहल असेल तर 3. अनोळखी आवाज ध्वनिमुद्रित करून त्याच मुद्रणाच्या शेवटी तारीख, वेळ आणि ठिकाण स्वतःच्या आवाजात सांगून ठेवावे. बेडकांनी प्रतिसाद द्यावा म्हणून मुद्रित आवाज वाजवणे मात्र टाळावे. त्यामुळे नराची शक्ती आणि प्रजननाची मोलाची वेळ वाया जाते.

शोध घेताना टॉर्च कपाळाशी किंवा डोळ्यांच्या रेषेत धरावा, म्हणजे बेडकाच्या डोळ्यांवरून परतणारा प्रकाश दिसतो. कोळ्यांचे डोळेही असेच चमकतात, पण ते बारीक ठिणगीसारखे दिसतात. छायाचित्रात कूस, पाठ आणि बोटांची टोके स्पष्ट यावीत, आणि ती मिळताच प्रकाश बाजूला घ्यावा. उलटलेला दगड किंवा ओंडका होता तसाच परत ठेवावा.

बेडकाला हात न लावण्याचा आग्रह का, हेही समजून घ्यावे. त्याची त्वचा श्वसन करते, पाणी आणि क्षार यांचा तोल राखते, आणि आपल्या हातावरचे डासरोधक मलमही शोषून घेते. काइट्रिड बुरशी याच त्वचेवर वाढते, क्षारांचा तोल बिघडवते आणि अखेरीस हृदय बंद पाडते. पनामातील एल कोपे येथे 2004 मध्ये ती पोहोचली आणि काही महिन्यांत तिथले उभयचर झपाट्याने नाहीसे झाले; आधी जमवलेल्या नमुन्यांच्या डीएनए तपासणीतून पुढे असे दिसले की शास्त्रीय नावही न मिळालेल्या काही प्रजाती त्यात गेल्या. ही बुरशी ओल्या बुटांवरून आणि जाळ्यांवरून एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्यात जाऊ शकते. म्हणून ठिकाण बदलण्यापूर्वी चिखल ब्रशने पूर्ण काढावा, कारण चिखलाखाली जंतुनाशक पोहोचत नाही. मग पाण्यापासून दूर अंतरावर जंतुनाशक लावून सर्व साहित्य खडखडीत वाळवावे. बेडूक हाताळणे खरोखर गरजेचे असेल तर प्रत्येकासाठी नवे, पावडरविरहित, पाण्याने ओले केलेले हातमोजे वापरावेत.

नोंदवहीत प्रजातीबरोबर वेळ, तापमान, आर्द्रता, पाऊस, बसण्याची उंची, पाण्यापासूनचे अंतर आणि किती माणसांनी किती मिनिटे शोध घेतला हे लिहावे. शोधाचा कालावधी न लिहिल्यास दोन वर्षांच्या आकड्यांची तुलनाच करता येत नाही. काहीच न आढळलेली रात्रही पूर्ण तपशिलासह नोंदवावी. प्रजाती घटत असल्याची पहिली खूण पुष्कळदा अशाच नोंदींतून मिळते. नोंदी सार्वजनिक संकेतस्थळांवर देताना दुर्मीळ किंवा आकर्षक रंगांच्या प्रजातींचे नेमके ठिकाण झाकून ठेवावे, कारण पाळीव प्राण्यांच्या बाजारासाठी बेडूक पकडणारेही त्या नोंदी वाचतात.