अभियांत्रिकीनंतर एमबीबीएस : सुरुवात बारावीच्या गुणपत्रिकेपासून

सांगलीच्या वालचंदमधून किंवा कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतलेल्या एखाद्याने डॉक्टर व्हायचे ठरवले, की तो सहसा आधी नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या क्लासची चौकशी करतो. त्याआधी बारावीची गुणपत्रिका काढून पाहावी. एमबीबीएसच्या प्रवेशात अभियांत्रिकीच्या पदवीचा ना अडसर, ना लाभ. पात्रता ठरते ती बारावीच्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी या विषयांवर. पहिल्या तिन्ही विषयांत मिळून खुल्या प्रवर्गास ५० टक्के, तर अनुसूचित जाती-जमाती व इतर मागासवर्गीयांस ४० टक्के गुण लागतात. वयाची कमाल मर्यादा आता उरलेली नाही.

बारावीला जीवशास्त्र असेल तर प्रश्नच मिटला. मात्र अनेकांनी त्याऐवजी इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स घेतलेले असते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये, बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून जीवशास्त्र उत्तीर्ण होणाऱ्यांनाही नीटसाठी पात्र ठरवले. राज्य मंडळात याला 'तुरळक विषय' घेऊन परीक्षेस बसणे म्हणतात. अर्ज कनिष्ठ महाविद्यालयामार्फत भरायचा असून सातारा व सांगली हे दोन्ही जिल्हे मंडळाच्या कोल्हापूर विभागात येतात. जीवशास्त्राला प्रात्यक्षिकही असते, त्यामुळे प्रयोगशाळेत बसू देण्यास तयार असलेले महाविद्यालय आधीच गाठावे. दहावीनंतर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षात गेलेल्यांकडे मात्र बारावीच नसते. त्यांना विज्ञान शाखेची बारावी पूर्ण करण्यावाचून गत्यंतर नाही.

नीटमध्ये १८० मिनिटांत १८० प्रश्न सोडवायचे असतात. एकूण ७२० गुणांपैकी निम्मे जीवशास्त्राचे असतात आणि प्रत्येक चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो. अभियंत्याला भौतिकशास्त्र सोपे वाटते, पण सूत्र मुळापासून सिद्ध करत बसण्याची सवय येथे वेळ खाते. जीवशास्त्रासाठी एनसीईआरटीची पुस्तके ओळ न ओळ, आकृत्यांखालच्या मजकुरासकट वाचावीत. माझ्या मते उपलब्ध वेळेचा निम्म्याहून अधिक भाग त्यांनाच द्यावा.

निकालानंतर दोन ठिकाणी नोंदणी करावी लागते, आणि नेमके हेच अनेकांना ठाऊक नसते. मिरज आणि सातारा येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील ८५ टक्के जागा राज्याचा सीईटी कक्ष भरतो. त्यासाठी अधिवास प्रमाणपत्र लागते आणि सर्वसाधारणपणे दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली असावी लागते. उरलेल्या १५ टक्के जागा केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीकडे (एमसीसी) असतात. कराडचे कृष्णा आणि सांगलीचे भारती विद्यापीठ ही अभिमत विद्यापीठांची महाविद्यालये असल्याने त्यांचे प्रवेशही हीच समिती करते. त्यांचे शुल्क शासकीय महाविद्यालयांच्या कितीतरी पट असते, म्हणून पसंतीक्रम भरण्यापूर्वीच घरात पैशांचा हिशोब मांडावा. अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा आणि त्यापुढे एक वर्षाची आंतरवासिता (इंटर्नशिप) आहे.

कागदपत्रांत अभियांत्रिकी महाविद्यालयाचा मूळ दाखला आणि मधल्या वर्षांबाबतचे गॅप प्रतिज्ञापत्र या दोन गोष्टी हमखास राहून जातात. अजून अभियांत्रिकी शिकत असणाऱ्यांनी जागा निश्चित होण्यापूर्वी प्रवेश रद्द करू नये, मात्र दाखला मिळण्यास किती दिवस लागतात आणि उरलेल्या शुल्काचे काय होते, हे कार्यालयात आधीच विचारून ठेवावे.